वाटीची पहिली कड

"ओ बाई, तुमची चूल गावात आसा!"

अपेक्षाने फुंकणी बाजूला ठेवून वर पाहिलं. व्हाळाच्या पाण्यापलीकडे खांद्यावर झावळं घेतलेला एक तरुण हसू दाबत उभा होता.

"गावात कशी? मी तर गाव सोडून आलेय."

"व्हाळाच्या त्या बाजूक गाव, ह्या बाजूक आमी. अख्खो गाव भायर पडलो नि तुमी एकट्याच आत रवलात. देवान बघल्यान तर?"

दर तीन-चार वर्षांनी हे गाव असं रिकामं होतं. गावपळण! माणसं, गुरं, टोपलीतल्या कोंबड्या, सगळी वेशीबाहेर येतात आणि झावळांच्या झोपड्यांत राहतात. तीन दिवस झाले की मानकरी देवाला विचारतात, आता परतू का? देवाने कौल दिला तर घरी, नाही दिला तर आणखी एक दिवस मुक्काम. अपेक्षा पुण्यात वाढलेली. बाबांच्या हट्टामुळे पहिल्यांदाच आली होती. बाबा जुने मित्र शोधायला गेले आणि हिने बरी सावली बघून चूल मांडली... नेमकी चुकीच्या काठावर.

तो पाण्यात उतरून अलीकडे आला. फाटक्या गोणपाटाने त्याने उकळतं पातेलं धरलं, तिने दगड उचलले. मध्यावर तिचा पाय शेवाळावरून सरकला.

"हळू गो!" तो म्हणाला. मग 'गो' तोंडातून गेल्याचं लक्षात आलं, तसा कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव दत्तप्रसाद. काजूची कलमं बांधायचा. वडिलांची बाग तोच बघायचा. हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं, कारण झोपडीचं छप्पर विणायला तोच आला. विणता विणता त्याने विचारलं, "तुमी पुण्याक काय करतास?"

"उपाशी पेशी बघते."

"उपाशी?"

"पाव फुगवतात ना, त्या यीस्टच्या. त्यांचं खाणं मी बंद करते."

"अरे देवा! नि मगे?"

"मग त्या स्वतःलाच खायला लागतात."

दत्तप्रसादचा हात थांबला. "मरणत नाय?"

"उलट, त्यामुळेच जगतात. हे बघ..." तीही नकळत 'तुम्ही'वरून घसरली. "पेशीत एक राखणदार असतो. बाहेरून खाणं येतंय तोवर तो सांगत राहतो, सगळं ठीक आहे, काही मोडायचं नाही. मोडतोड करणारी एक टोळी तयारच असते, पण त्याने तिला धरून ठेवलेलं असतं. खाणं थांबलं की राखणदार गप्प होतो. टोळी सुटते आणि इतरांना हाका मारते. मग पातळ पडद्याची एक छोटीशी वाटी बनू लागते. वाटीच्या कडा वाढतात, जुनं, मोडकं, नको असलेलं आत घेतात आणि मिटतात. पुढे ती पाचकरसाच्या पिशवीला मिळते, आतलं सगळं विरघळतं, आणि त्यातूनच नवं घडवायला माल मिळतो."

"काजूचा पान पिवळा पडता, तसाच मां?" तो सहज म्हणाला. "गळाच्या आधी झाड त्यातला सत्त्व ओढून घेता. म्हणान मी पिवळा पान कधी खुडणय नाय. झाडाचा काम रवलेला असता."

अपेक्षा त्याच्याकडे बघत राहिली. हीच गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला तिला चित्रं आणि तक्ते लागायचे.

"पानातही तेच चालतं," ती म्हणाली. "मी फक्त सुरुवात शोधते. वाटीची पहिली कड कशी वाकते, ते. त्याच्या आधी काही म्हणजे काही दिसत नाही."

"दिसणा नाय, पण चालू झालेला असता," तो झावळाकडे बघत म्हणाला. "असो."

पुढचे दोन दिवस कसे गेले, कळलंच नाही. ती व्हाळावर कपडे धूत असताना तो दूर बैलाला पाणी पाजत होता... आणि बैल कधीचा पिऊन मोकळा झाला होता. तिसऱ्या दुपारी त्याच्या आईने, सावित्रीकाकींनी, बांगड्याचं तिखलं पाठवलं. आणून दिलं अर्थात त्यानेच.

"तिखट लागला?"

"नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

"मगे रडतंस कित्याक?"

तेव्हा तिने सांगून टाकलं. सोमवारी ती जपानला निघणार होती. दोन वर्षांचं काम, त्याच वाटीवर. तिकीटही आलं होतं.

त्याने नजर व्हाळाकडे वळवली. मग म्हणाला, "बरा झाला." आणि रिकामं भांडं न घेताच निघून गेला.

चौथ्या सकाळी मानकरी देवळाकडे गेले. सगळ्यांनी बोचकी बांधून ठेवली होती. म्हाताऱ्यांना आपली खाट हवी होती, बायकांना आपली चूल. अपेक्षा व्हाळावरच्या छोट्या पुलावर, साकवावर, जाऊन बसली. थोड्या वेळाने दत्तप्रसादही आला आणि दोन हात अंतर ठेवून बसला. दोघंही देवळाच्या वाटेकडे बघत होती.

एवढ्यात ढोल वाजला. उजवा कौल! झोपड्यांतून एकच गलका उठला. गुरांच्या घंटा, पोरांच्या आरोळ्या, "चला, चला!" बघता बघता लोक व्हाळ ओलांडू लागले.

अपेक्षा उठली नाही. तोही उठला नाही.

"अपेक्षा..." त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "माझ्याकडून एक पाप झाला."

"काय?"

"सकाळी देवाक गाराणा घातलंय." त्याने मान खाली घातली. "म्हटलंय, आज कौल देव नको. आजचो दिस गावाक भायरच ठेव. माझी म्हातारी तीन दिस कंबर धरून बसली हा, नि मी..."

"आणि तू?"

"माका तू आनी एक दिस होया होतंस."

अपेक्षाने दोन हातांचं ते अंतर हळूच ओलांडलं.

"दत्ता, तुझा देव आपल्या दोघांवरही रागावणार," ती म्हणाली. "मीसुद्धा तेच मागितलं."

त्याने चमकून वर पाहिलं. ती हसत होती, पण डोळे भरून आले होते. आणि आज तिखलं नव्हतं.

"जाव नको, म्हणणय नाय मी," तो म्हणाला. "तुझा काम मोठा. माझी बाग हंयच. पण मी वाट बघू? की नको?"

रस्त्यावरून बाबांची हाक आली. अपेक्षाने त्याच्या खरखरीत हातावर आपला हात ठेवला.

"बघ," ती म्हणाली. "दोन वर्षं बघ."

"नि मगे?"

"मग पुढच्या गावपळणीला सावित्रीकाकींची चूल मी मांडेन."

बाबांनी पुन्हा हाक मारली. ती उठली. व्हाळाच्या पलीकडे, गावातल्या पहिल्या घरातून धूर वर चढू लागला होता.