पुन्हा पुन्हा उकलणारी चीर

"पप्पा, परत उकललं!" रेडिओ किंचाळली. अखंड बडबडीमुळे तिला सगळे रेडिओच म्हणायचे, आणि तिच्या काडीसारख्या भावाला पहिलवान!

तिचे पप्पा वाद्यं दुरुस्त करायचे. सुट्टीला आलेल्या भाचीच्या व्हायोलिनची वरची फळी सोडवून त्यांनी चिरा सरसाने सांधल्या, आतून लाकडाच्या बारीक चकत्या चिकटवल्या आणि फळी नेहमीच्या खिळ्याला वाळत टांगली. दोनदा! आणि दोन्ही वेळा चिरांनी पुन्हा आ वासला.

"आता शेवटचं बघतो, बाळ," मामा म्हणाले. "नाहीच टिकलं, तर नवी फळी बसवू."

भाचीने फळीवरून हलकेच बोट फिरवलं. व्हायोलिन तिच्या बाबांचं होतं, आणि बाबा आता नव्हते. त्यांच्या हनुवटीने घासून वार्निश उडालेली जागा नव्या फळीवर कुठून येणार? आई नोकरीसाठी दूर. इथे भावंडांच्या दंग्यात ही आपली कोपऱ्यात.

"कुणीतरी मुद्दाम करतंय!" पहिलवानने जाहीर केलं.

चिरा पुन्हा सांधून झाल्या. मामा जेवायला गेले, तसा तिघांनी दुकानाच्या दाराला बारीक दोरा बांधला. परत येऊन पाहतात तो दोरा शाबूत, आणि चीर उघडी!

"भूत!" रेडिओ म्हणाली.

"सरसाच्या वासाने भूतच चक्कर येऊन पडेल!" पहिलवान म्हणाला.

भाचीला हसू आलं नाही. ती खिळ्याखाली भिंतीला पाठ टेकून मटकन बसली. पाठीला ऊब लागली. कुणी मागून जवळ घ्यावं तशी. तिने क्षणभर डोळे मिटले... आणि ताडकन उठली.

"अरे, या भिंतीला ताप आलाय!"

तिघं धावत शेजारच्या लाँड्रीत. कपडे वाळवायचं नवंकोरं मशीन भिंतीला चिकटून घरघरत होतं.

"काका, आमची फळी भाजून निघतेय!" रेडिओ ओरडली.

"वा रे वा! तुमच्या पप्पांना विचारूनच ठेवलंय. 'हं हं' म्हणाले की!"

रेडिओने कपाळावर हात मारला. "काम करताना ते सगळ्यालाच 'हं हं' म्हणतात! परवा मी शाळा सोडू का विचारलं, तेव्हासुद्धा!"

मामांना हाताला धरून आणलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला. "एवढ्या उष्णतेने लाकूड आकसणार, मग चिरा उघडणारच!"

मशीन पुढे सरकलं, फळी समोरच्या भिंतीवर गेली. या वेळी चिरा मिटल्या त्या मिटल्याच. फळी व्हायोलिनवर बसली, तारा चढल्या.

"मी लाकडालाच दोष देत बसलो," मामा म्हणाले. "शाब्बास, पोरी! तू होतीस म्हणून वाचलं."

"पोरगी हुशार आहे हो!" लाँड्रीवाले काकाही म्हणाले.

भाचीने व्हायोलिन खांद्यावर घेतलं. एक छोटीशी धून, थोडी अडखळत. मध्येच ती थांबली.

"पुढचं?" रेडिओने विचारलं.

"पुढचं बाबांचं शिकवायचं राहिलं."

पहिलवान तिच्या शेजारी येऊन बसला.

"मग तेवढंच परत वाजव ना."

तिने तेवढंच परत वाजवलं.