सिग्नल-केबिनची काचपट्टी

“नकटे, पळत ये! तिसरीही फुटली!” चष्मिस वरून ओरडला.

सुट्टीला आलेला हा चुलतभाऊ उगाच बोंब मारणारा नव्हता. नकटी दोन-दोन पायऱ्या चढत सिग्नल-केबिनमध्ये पोचली. दाराशेजारच्या भिंतीला तडा होता. भिंत हलते का ते कळावं म्हणून इंजिनिअरच्या माणसाने त्यावर आडवी काचपट्टी चिकटवली होती. तिसरी पट्टी फुटली की इमारत धोकादायक ठरवून पाडायची, अशी नोटीस खाली लागली होती.

गाड्या बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी पूर्वी इथेच सिग्नल देणारे आजोबा रोज येऊन सिग्नलचे लोखंडी दांडे पुसत. केबिन गेल्यावर ते काय करणार?

“बरंच झालं!” खालून जाणारा दूधवाला ओरडा ऐकून म्हणाला. “इथून रस्ता निघाला की दवाखाना जवळ येईल. विटा कुरवाळून काय मिळतंय?”

“वारा येतोय, दार लाव रे,” नकटी म्हणाली.

दार फुगलेलं. आपटल्याशिवाय लागेना. चष्मिसने ते धाडकन आपटलं आणि पट्टीचा उरलेला तुकडा खळकन पडला!

“अय्या! हिचं एक टोक चौकटीवर चिकटवलंय! भिंत नाही, चौकट हलतेय!”

“आणि आजोबा रोज जाताना दार आपटतात!”

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

मग चष्मिसच्या सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी त्यांनी तड्यावर नीट बसवली, दोन्ही टोकं भिंतीवर. आठ दिवस दार आपटलं. काच जशीच्या तशी!

“काका, तुम्हीच आपटून बघा!” नकटीने इंजिनिअरला बोलावून सांगितलं.

त्यांनी तीनदा आपटलं आणि ते ओशाळले. “मीही न बघताच अहवालावर सही केली. शाब्बास, पोरांनो!” त्यांनी अहवालातलं ‘धोकादायक’ खोडून ‘भक्कम’ लिहिलं.

“म्हणजे वाचली?”

“नाही गं बाळ. रस्ता मंजूर झालाय. भक्कम असली तरी मध्येच येते.”

सोमवारी पाडायचं मशीन आलं. आजोबा दोघांच्या मध्ये उभे होते.

“पडकी होती म्हणून पाडली, असं आता कुणाला लिहिता येणार नाही. शाब्बास!” ते म्हणाले.

“पण पाडताहेतच ना!” नकटी म्हणाली.

आजोबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मशीनने पुन्हा धडक दिली. भिंत अजून उभीच होती.