रंग न धुतलेला राजा

"अक्का, तोंडले रंग शे तवलोंग माले रुपचंद म्हनू नको. पहिले रंग धोवू दे."

माझा धाकटा भाऊ नेहमी हेच सांगायचा. रंगात असेपर्यंत तो राजा. धुतल्यावर माणूस.

मी रोज नेमाने देवापुढे बसणारी बाई. खोटं लिहून कुठं फेडू? हे आमच्या एरंडोलच्या घरातलं आहे, परवाचंच.

रुपचंद पोरवयात तमाशात गेला. खानदेशातल्या जत्रांत राजा झाला. केस पिकल्यावर अहिराणी सिनेमे मिळाले. तिथेही राजाच.

मागच्या चैत्रात सोनगीरच्या किल्ल्यावर शूटिंग होतं. भर उन्हात तो कोसळला, तो उठलाच नाही.

घरी आणला राजाच्याच रंगात.

मी बादली घेऊन पुढे झाले. निर्माता कुंदन आडवा आला. "राहू द्या अक्का, फोटो चांगले येतील."

तसाच चितेवर ठेवला माझ्या भावाला!

तेव्हापासून दिवेलागणीला मोरीतून आवाज येतो... ओंजळीने तोंडावर पाणी मारल्याचा. पुन्हा पुन्हा.

जाऊन बघावं, तर फरशी कोरडी.

फक्त खोबरेलाचा वास... रंग काढायला तो तेच लावायचा.

परवा दुपारी कुंदन आला. सिनेमाचा दुसरा भाग काढणार म्हणे.

"रुपचंद आबांचा चेहरा कंप्युटरवर बनवतो. आवाजपण. अमर होतील आबा!"

"मेल्या, जिवंतपणी सावलीत बसू दिलं नाहीस. आता मेल्यावरही राबवतोस?"

आयुष्यात कुणाला 'मेल्या' म्हटलं नव्हतं.

"आत्या, तुले नई समजाव ते," रुपचंदचा मुलगा राकेश म्हणाला. "मी हो म्हटलंय."

कुंदनने मोबाईल पुढे धरला. राजाच्या वेशातला रुपचंद बोलू लागला. आवाज त्याचा, शब्द परके.

तोच मोरीत पाणी वाजलं...

मोबाईलमधला राजा थांबला.

त्याने दोन्ही हात वर नेले... आणि गाल चोळू लागला. जोरजोरात.

कुंदन पांढराफटक पडला. "हे... हे आम्ही केलेलं नाही."

तरी काल त्याचा फोन आलाच. "मशीनचा बिघाड होता, अक्का. उद्यापासून धुळ्यात काम सुरू."

बिघाड!

काल दिवेलागणीला मी मोरीच्या दाराशी गेले. पहिल्यांदाच आत आवाज नव्हता. कुणीतरी ऐकत थांबल्यासारखं...

"भाऊ, तुले आते कोनी रंग लावाव नई. मी त्याना दारमा जाईसन बससू."



आता पहाट आहे. पूजा आटोपली. राकेश झोपलाय. कडी न वाजवता दार ओढून घेते आणि धुळ्याची एसटी धरते.