लोटनमामांचा गाता झोका

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर हे ओढवलं ती माझी सख्खी मामी, आणि ज्यांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं ते माझे लोटनमामा. मामांना थापा मारायची सवय कधीच नव्हती. हे सांगतानाही ते दहादा थांबले होते.

साल अठ्ठ्याऐंशी. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथं राहतात.

आणि रात्रबित्र नव्हती बरं का...

भर दुपार होती.

मामांचं जळगावात, मेहरूणला, हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. पण त्यांचा जीव रमायचा वेगळ्याच कामात. स्वतःच्या हातांनी ते वाजणारी यंत्रं बनवायचे. हँडल फिरवलं की वाजणारी ढोलकी, पाय दाबला की वाजणाऱ्या झांजा. ही यंत्रं टेम्पोत घालून ते जत्रांना, गणपतींना घेऊन जायचे. लोकांना म्हणायचे, "वाजवा तुम्ही. मी नुसता बघतो." टेपरेकॉर्डर आल्यापासून माणसं गायची थांबली, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

त्यांतलं सगळ्यांत लाडकं यंत्र म्हणजे गाता झोका.

मोठी सागवानी चौकट, तिला टांगलेला झोका. झोका पुढं गेला की दांडा भाता ओढायचा. मागं आला की एक लाकडी रूळ थोडासा फिरायचा. रुळावर खिळे ठोकलेले. खिळा ज्या पट्टीला टेकेल तो सूर वाजायचा. बाई झोक्यावर बसली की गाण्याची चाल आपोआप सुरू, आणि भोवतीच्या बायका शब्द धरायच्या.

खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण तोच दिवस पितरांचाही. घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतात.

त्या वर्षी गावच्या सुकदेव आबांनी मामांना झोका घेऊन बोलावलं. सोबत यशोदामामीही होती. बायका आधी लाजतात, म्हणून पहिल्यांदा मामी झोक्यावर बसून दाखवायची. तिचं माहेर अकोल्याकडचं. अहिराणी तिला समजायची, बोलता मात्र येत नव्हती. गाण्याच्या ओळी तेवढ्या तिनं पाठ केल्या होत्या.

सकाळ छान गेली. मारुतीच्या पारापुढं झोका उभा राहिला. पोरीबाळींनी रांग लावली.

*निंबना झाडले झोका बांधा, झोका गया वर...*
*दूर दिसे वाट मनी, दिसे नही घर...*

एवढ्याच दोन ओळींची चाल रुळावर होती. रूळ पुरा फिरला की पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी जेवणं झाली. मांडे, आमरस. गाव सुस्तावलं. पारापाशी दहा-बारा बायका उरल्या. मामी सहज म्हणून झोक्यावर बसली.

पहिली ओळ वाजली. दुसरी वाजली.

आणि मग...

तिसरी वाजली.

मामा पारावर आडवे झाले होते. ते ताडकन उठून बसले. तिसरी ओळ त्यांनी रुळावर ठोकलीच नव्हती! चाल तीच, पण शेवटी सूर खाली उतरत जाणारा. दमलेल्या माणसानं कण्हावं तसा.

त्या ओळीचे शब्द कुणालाच माहीत नव्हते.

मामीला माहीत होते.

*पाय भाजनात, जीव भाजना... माय, दार उघड...*

आवाज मामीचा नव्हता. कोवळा होता. घसा कोरडा पडल्यासारखा.

"यशोदा, उतर खाली," मामा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. झोका चालूच. पाय जमिनीला लागत नव्हते, अंग हलत नव्हतं, तरी झोका वरवर चढत होता.

मामांनी दोर धरला. दोरानं त्यांना चार हात फरफटत नेलं, तळहात सोलून निघाले. दोन गडी धावले. त्यांनाही झोका आवरेना.

मामांनी रूळ उचकटून फेकून दिला.

गाणं चालूच...

त्यांनी पटाशीनं भाता फाडला. भाताच फाटला तर वारा कुठून येणार? वारा नाही तर सूर कुठून निघणार?

पण सूर निघत होते. तीच एक ओळ, पुन्हा पुन्हा.

मामा मला म्हणाले होते, "अरे, मी ते यंत्र साध्या लाकडापासून उभं केलेलं. त्याचा खिळा न् खिळा माझा. आणि मला ते थांबवता येईना. नुसता समोर उभा राहून रडत होतो मी."

तेवढ्यात गल्लीतून एक म्हातारी आली. भागाबाई. अनवाणी, डोईवरचा पदर पडलेला. बायकांनी तिला वाट करून दिली.

ती झोक्यापुढं उभी राहिली. ओळ ऐकली.

"ऊनी का वं माय?" आलीस का गं, असं घरी आलेल्या लेकीला विचारावं तसं ती म्हणाली. "कितली वाट दखाडी तू! उतर आते. चाल घर."

झोका थांबला.

हळूहळू नाही. एकदम.

मामी उतरली. भागाबाईचा हात धरून चालू लागली. मामा आडवे गेले तर तिनं म्हातारीला विचारलं,

"माय, हाऊ कोन शे?"

त्या घराचं दार मामांच्या तोंडावर बंद झालं. आतून कडी लागली.

मामांनी दार ठोठावलं, हातापाया पडले. आतून म्हातारीचा आवाज आला, "मनी पोर शे. जेवाले बठनी शे. तू जाय, भाऊ."

सुकदेव आबांनी मामांना पारावर नेऊन बसवलं, पाणी पाजलं. मग सगळं सांगितलं.

भागाबाईला एकच मुलगी होती. मंजुळा. तिला नवीन ओळी जोडून गाणी म्हणायची हौस होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला तिला आणायला कुणीच जाऊ शकलं नाही. बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ नव्हता. पोर वाट बघून बघून एकटीच निघाली. वैशाखाचं ऊन, पायात काही नाही. गावाच्या अलीकडं एका बाभळीखाली सापडली. ऊन लागलं होतं.

"घरलोंग पोचनीच नही बिचारी," आबा म्हणाले.

"आबा, पण माझी बायको..."

आबांनी मान खाली घातली. "भाऊ, दार तोडू म्हनशी ते तोडसूत. पन तठे जी बठेल शे, ती तुना संगे ई का?"

मामा उठले आणि त्या बंद दारापुढं जाऊन बसले.

दिवस मावळताना कडी निघाली. मामी एकटीच बाहेर आली. चेहरा उतरलेला. "अहो, मला झोप लागली होती का? हे कुणाचं घर?"

मामांनी तिला घट्ट धरलं. तिला पाऊल टाकता येईना. खाली बघितलं तर दोन्ही तळव्यांना फोड... मोठे, पाणी भरलेले. तापल्या रस्त्यावरून कोसन् कोस अनवाणी चालल्यासारखे.

मामीच्या चपला झोक्याखाली पडल्या होत्या. आणि पारापासून ते घर हाकेच्या अंतरावर, तेही सगळं सावलीतून.

झोका मामांनी तिथंच जाळला. नंतर एकही यंत्र केलं नाही.

पण ते तेवढ्यावर मिटलं नाही.

पुढच्या आखाजीला सकाळी मामी उठली आणि अनवाणी घराबाहेर पडली. हाक मारली तर ओ देईना. मामांनी तिला ओढून घरात आणलं, दार लावून घेतलं. तासाभरात तिचं अंग असं तापलं की हात लाववेना. ओठ फुटले, डोळे फिरले. डॉक्टर आले. म्हणाले, "यांना ऊन लागलंय. एवढ्या उन्हात कशाला फिरवलंत?"

ती सकाळपासून पंख्याखाली होती.

मामांनी दार उघडलं. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर दर वर्षी तेच. देव झाले, भगत झाले, ताईत झाले. कशाचा उपयोग झाला नाही. आखाजीला ती निघायची. मामा तिला कसंबसं एस.टी.त बसवायचे, तिठ्यावर उतरले की ती पुढं, हे मागं छत्री धरून, हातात पाण्याची बाटली. चपला पुढं केल्या तर ती ओलांडून जायची. म्हातारी दार उघडायची, आत घ्यायची. संध्याकाळी मामांना मामी परत मिळायची. मामा म्हणायचे, "वर्षातला एक दिवस म्हातारीचा. बाकीचे माझे. असं म्हणून जगायचं."

पंच्याण्णवच्या थंडीत भागाबाई वारली.

मामांना वाटलं, सुटलो. मायलेकींची आता वरच गाठ पडली असेल.

आखाजीला मामी निघाली.

म्हातारीच्या घराला कुलूप होतं. मामीनं कडी वाजवली. हाक मारली, "माय... वं माय..." भिंतीला कान लावून ऐकलं. पुन्हा कडी वाजवली. मामा सांगत होते, ते वाजवणं त्यांना बघवेना, आणि तिथून हलवेना.

दिवस मावळला. मामा वाट बघत राहिले, आता शुद्धीवर येईल, आता "अहो" म्हणेल.

ती वळली. इतक्या वर्षांत आखाजीच्या दिवशी, त्या तंद्रीत, ती पहिल्यांदाच मामांशी बोलली.

"आते मी कोठे जाऊ?"

मामांनी तिचा हात धरला आणि तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. स्टोव्ह पेटलेला होता. मामांना हायसं वाटलं. ते दारात जाऊन उभे राहिले.

पाठमोरीच तिनं विचारलं,

"चहामा साखर कितली टाकू?"

मामांना मधुमेह होता. दहा वर्षं त्यांना बिनसाखरेचा चहा तिच्याच हातचा मिळत होता.

तेव्हापासून आमच्या मामी अहिराणीत बोलतात. चांगलं वागतात, सगळ्यांचं करतात. आखाजीला त्या आता कुठंही जात नाहीत.

मागच्या आखाजीला मी मेहरूणला गेलो होतो. आत त्या मांडे करत होत्या, गुणगुणत होत्या. मामा बाहेर उंबऱ्यावर बसले होते. शेजारी पाण्याचा तांब्या, आणि मामीच्या जुन्या चपला.

मी म्हणालो, "मामा, ऊन वाढलंय. आत या."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "तीही निघाली असेल कुठून तरी..."