हाकेला ओ

उस्मानपुऱ्यात एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगाची खोली आहे. खिडकीखाली रसवंतीची घुंगरं दिवसभर वाजतात आणि आत आमचं यंत्र माणसांना मुद्दाम कमी प्राणवायू देतं. ऐकणाऱ्याला हा अघोरीपणा वाटतो, पण गोष्ट सरळ आहे. मास्कमधून थोडा वेळ डोंगरमाथ्यावरच्यासारखी विरळ हवा, मग साधी हवा, पुन्हा विरळ. मणक्याला मार बसल्यावर जे थोडे मज्जातंतू शाबूत उरतात, ते या धक्क्यानं जागे होतात. मग लगेच चालण्याचा सराव करून घ्यायचा. या कामावर माझा विश्वास होता आणि आजही आहे.

कडूबा फर्दापूरजवळच्या खेड्यातला. तो आणि त्याचा जोडीदार रामकिसन मिळून विहिरी खोदत. सुरुंग उडवल्यावर एकानं आधी उतरायचं, वरच्यानं हाक मारायची, आणि खालून ओ आली तरच दोराला हात घालायचा, असा त्यांचा रिवाज. त्या दिवशी आधी उतरलेल्या रामकिसनची ओ आली नाही, तरी कडूबा उतरला. सुरुंगाच्या धुरात रामकिसन गुदमरून गेला. कडूबाला घेरी आली, दोर सुटला आणि तो मणका मोडून वाचला.

त्याची बायको सारजाबाई पहिल्याच भेटीत म्हणाली, "माझा माणूस पायावर उभा करा मॅडम, बाकी मला काय नको." करते, असं मी बेधडक सांगून टाकलं.

विरळ हवा सुरू झाली की कडूबा मास्कमधून रामकिसनला हाका मारायचा. प्राणवायू कमी पडला की मेंदू असले खेळ करतो. पडद्यावरचे आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले, सगळं ठीक होतं. मग एका दुपारी त्याच्या पायाचा अंगठा हलला. मला तर नाचावंसं वाटलं. कडूबानं मास्क काढला आणि घाम पुसत तो सावकाश म्हणाला, "आज त्यानं ओ दिली."

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. कडूबा उभा राहिला, दांड्यांना धरून चालला, मग वॉकर घेऊन चालला. मी वरिष्ठांपुढे मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

सारजाबाईचा चेहरा मात्र उतरत चालला. "ही चाल ह्यांची नाय," ती म्हणाली. आधी कडूबा टाच आपटत चालायचा, हा डावा पाय बाहेर फेकतो, असं तिचं म्हणणं. एवढ्या दुखापतीनंतर स्नायू ताठरतात, चाल बदलणारच, हे मी तिला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि रामकिसनच्या विधवेला, साळूबाईला, एकदा बोलावू का म्हणून विचारलं. मी आनंदानं हो म्हटलं. कडूबाच्या मनावरचं ओझं तरी उतरेल, असं मला वाटलं.

साळूबाई आली आणि दाराकडे पाठ करून बाकावर बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सारजाबाई दारात उभी राहिली. कडूबाला मी व्हरांड्याच्या टोकाकडून चालत यायला सांगितलं.

पावलं वाजू लागली.

साळूबाईनं मागं न बघताच पदर डोक्यावर घेतला.

सारजाबाईनं दोन्ही हात पुढं केले. कडूबा तिला वळसा घालून आत आला आणि बाकापाशी थांबला.

"साळे," तो म्हणाला, "पाणी लागलं विहिरीला."

साळूबाई थोडी सरकली आणि तिनं त्याच्यासाठी जागा केली.

सारजाबाईचे हात अजून तसेच पुढं होते. ते तिनं हळूच खाली घेतले.

"मॅडम," तिनं मला विचारलं, "मशीन बंद केलं तर हा जाईल का?"

तिला काय विचारायचंय, ते मला कळलं होतं. उत्तरही मला पक्कं ठाऊक होतं, आमचे सगळे निकाल तेच सांगत होते.

"नाही, ताई," मी म्हटलं. "एकदा जागं झालेलं पुन्हा झोपत नाही."