पाइपवरचे तीन ठोके

खोटं सांगून मला काय मिळणार? दानेश्वरी माझी मावसबहीण. तिला खोटं बोलताच येत नाही. लहानपणी चोरून खाल्लेली साखरसुद्धा आपणहून सांगून मार खायची.

मागच्या वर्षीचा मे. दुपारचे दोन. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पलीकडची एक सोसायटी.

हो, दुपार. सगळं रात्रीच घडतं असं थोडंच आहे.

सोसायटीच्या मागं सांडपाण्याचा प्लँट. चार इमारतींचं घाण पाणी आधी पहिल्या टाकीत पडतं. तिथून पंपानं हवेच्या टाकीत. ब्लोअर दिवसरात्र तळातून हवा सोडतो आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू घाण खातात. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी वाळूतून गाळून बागेला जातं. बसलेल्या गाळातला थोडा परत हवेच्या टाकीत घालायचा. विरजण लावतो ना, तसंच.

हे सगळं दानेश्वरीला शिकवलं तिच्या नवऱ्यानं, शिवप्पानं. प्लँट तोच चालवायचा. ब्लोअरच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून टाकीत उतरलेला माणूस टाक्यांतून ब्लोअरच्या खोलीपर्यंत गेलेल्या हवेच्या पाइपवर पान्यानं ठोके द्यायचा. एक ठोका, हवा सोड. दोन, बंद कर.

तीन, मला वर ओढ.

त्या मेच्या दोन वर्षं आधी शिवप्पा पहिल्या टाकीत उतरला. दानेश्वरी डबा घेऊन ब्लोअरच्या खोलीत बसली होती. ठोके आले. तीन.

तिला वाटलं, बेअरिंग वाजतंय. चार दिवस वाजतच होतं ते.

तिनं शेंगाचटणीची पुडी सोडली, भाकरी वाढून ठेवली...

तोवर टाकीतल्या वायूनं त्याला संपवलं होतं.

पुढं प्लँट तिनंच चालवायला घेतला. तो कान, ती खोली, तो आवाज सोडून जाणार कुठं?

तर त्या मे महिन्यात पहिल्या टाकीतला पंप अडकला. घरोघरी टॉवेलच्या कडा शिवतात, सुताचे गुंते मोरीतून थेट पंपात. तळमजल्यावरचे संडास उलटे भरायला लागले. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आला.

"गाळ उपसायची गाडी परवा येईल म्हणतात. तोवर आम्ही कुठं जायचं, मॅडम?"

दानेश्वरीचा एकुलता भाऊ प्रभु मैंदर्गीहून आंबे घेऊन आला होता. त्यानं शर्ट काढला.

तेवढ्यात वीज गेली.

ब्लोअर थांबला. पलीकडचे यंत्रमाग थांबले. इतकं शांत झालं की उन्हाचाही आवाज यावा.

"बरं झालं की आक्का. लाइट न्हाय तवर उतरतो. शॉकची भीती न्हाय."

"हवा बी न्हाय रे प्रभु."

"मी काय तितं झोपायला चाललोय? दोन मिनिटांचं काम हाय."

"दोर तरी बांध कमरेला."

"बांध. बैल हाय न्हवं मी तुझा."

तो हसत उतरला. दोर तिच्या हातात. एक पायरी. दोन. चार. मग डोकं अंधारात गेलं.

आणि...

ठण.

पाइप वाजला.

"प्रभु, तू वाजवलास?"

तिनं खाली बघितलं. पाना तिच्या पायाशीच पडला होता.

ठण...

ब्लोअर बंद. बेअरिंग बंद. आता वाजायला होतंच काय?

ठण.

दानेश्वरीनं ओढलं. पाय भिंतीला लावून, दात खाऊन, हाताची सालटी निघेपर्यंत ओढलं. धावत आलेल्या सेक्रेटरीनंही दोर धरला. प्रभु वर आला तेव्हा त्याची मान ठरत नव्हती. ओठ निळे. तिनं त्याला सावलीत लोळवलं, थोबाडीत मारल्या, नाव घेऊन घेऊन बोलावलं.

तो ओकला. मग त्यानं श्वास घेतला.

सेक्रेटरी रिक्षा आणायला पळाला. दानेश्वरी पाइपला टेकून बसली.

"ऐकलं हो," ती म्हणाली. "या खेपेला ऐकलं मी."

पाइप गार होता. मे महिन्यात, सोलापुरात, भर उन्हात... गार.

ठण. ठण. ठण.

प्रभु तर तिच्या मांडीवर होता. टाकीत कोणीच नव्हतं.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तीन ठोके म्हणजे 'त्याला बाहेर काढ' नव्हे. तसा ठोका शिवप्पानं कधी ठरवलाच नव्हता.

तीन म्हणजे, मला वर ओढ.

प्रभु बरा आहे. टाकीत आता कोणालाही उतरू देत नाही ती, गाडीच येते. पण रोज दोन वाजता दहा मिनिटं ब्लोअर थांबवते आणि पहिल्या टाकीत दोर सोडते. सेक्रेटरी विचारतो, तर म्हणते, "दोर भिजवून ठेवते. टिकतो."

दिवाळीत मी गेले होते. तिच्या समाधानासाठी मीही दोर धरला. हलका होता. रिकामा.

"काही नाही गं दाने. चल, चहा टाक."

"थांब की जरा," ती म्हणाली. "त्यास्नी चढायला वेळ लागतो."

आणि दोर... ताठ झाला.

मी हात सोडला.

तिनं नाही.