पाडलेला तोतारा

होहेपाने रानातला तोतारा वृक्ष पाडला तेव्हा त्याची बहीण रीपेका शेजारीच उभी होती. गावाच्या सभागृहाचं आढं कुजलं होतं, नव्याला सरळ खोड हवं होतं, आणि करवतीवर होहेपासारखा हात अख्ख्या फिरिनाकी खोऱ्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. झाड कोसळलं तशी पायाखालची जमीन हादरली होती.

संध्याकाळी कुइनी आत्याने विचारलं, "तानेला विचारलंस का रे?"

"जंगल खात्याचा कागद आहे, आत्या."

"खात्याचं कोण विचारतंय? ताने रानाचा देव, झाडांचा बाप. त्याचं लेकरू तू कापलंस."

"मग त्यालाही एक अर्ज टाकतो," म्हणून होहेपा हसला.

सकाळी दोघं भावंडं फांद्या छाटायला गेली, तर तोतारा उभा.

सालीवर ओरखडा नाही. शेवाळावर भुशाचा कण नाही. त्याच्याखाली चिरडलेले नेचे ताठ उभे, दवाने भिजलेले.

"वाट चुकलो आपण," होहेपा म्हणाला. पण काल त्याने मुळाशी ओळीने मांडलेल्या तीन लोखंडी पाचरी तिथेच होत्या. त्याने त्या उचलल्या नाहीत.

"दादा, घरी चल."

गाडी दहा मिनिटांवर होती. वीस मिनिटं चालल्यावर समोर तोतारा आला. मग दोघं ओढ्याच्या कडेने उतारावर निघाली. ओढा खालीच वाहत होता, तरी त्यानेही त्यांना तोताऱ्यापाशीच आणून सोडलं. तिसऱ्या खेपेला होहेपाने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. जवळच कुणीतरी हलकी शीळ घालत होतं, कामात गढलेली माणसं घालतात तशी.

होहेपा मटकन खाली बसला.

"तुला नाही गं, मला अडवलंय. तू जा."

"वेड लागलंय? तुला टाकून जाऊ?"

"विचारतो तानेला. लहानपणी शिकवलेली प्रार्थना अर्धीमुर्धी आठवतेय. माफी मागतो आणि मागोमाग येतो. तू हाका मार, मी ओ देत राहीन."

ती निघाली. दहा मिनिटांत गाडी दिसली. तिला रडूच फुटलं.

"दादा!"

"ओ! आलो!"

हायसं वाटून ती चाकाला टेकून बसली. ऊन डोक्यावर आलं.

"दादा!"

"ओ! आलो!"

तोच सूर. तेवढ्याच अंतरावरून.

ती रानाच्या तोंडाशी गेली. आत पाऊल टाकायचा धीर होईना, आणि मागे फिरायला पाय उचलेना.

"दादा, कुठे आहेस तू?"

पान हललं नाही.

"इथेच की," होहेपा म्हणाला. आवाजात ना घाई होती, ना भीती. फक्त तो वाटेवरून येत नव्हता. वरून येत होता, सगळ्या शेंड्यांच्याही वरून.